रोपांच्या घराला छप्पर कशाचे घालावे?

उन्हाळ्यातल्या बचत गटांच्या बैठकांत गेली काही वर्षे एक प्रश्न हमखास येतो. टोमॅटो, मिरची, वांग्याची रोपे आपण नारायणगावच्या बाजूने विकत आणतो. ती आपल्याच वाडीत का करू नयेत? प्रश्न विचारणाऱ्या बायांना हे काम नवीन नाही. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिमेकडल्या वाड्यांतल्या कितीतरी महादेव कोळी आणि ठाकर बाया दरवर्षी बागायती पट्ट्यात मजुरीला उतरतात. ट्रे भरणे, बी टोचणे, रोप किती दिवसांचे झाले हे देठ बघून सांगणे, हे सगळे त्यांच्या हाताला ठाऊक आहे. कमी आहे ती फक्त स्वतःच्या छपराची.

सांगाड्याचे कोडे आमच्याकडे लवकर सुटते. कळक आणि मेस घरामागेच असतात आणि बांबू विणणारे हात प्रत्येक वाडीत आहेत. अडते ते त्या सांगाड्यावर काय घालायचे यावर. एक म्हणते काच, दुसरी म्हणते बांधकामावर टाकतात तो पांढरा कागद, तिसरीने जत्रेच्या गावी हिरवी जाळी पाहिलेली असते. (आपल्याकडे पॉलिहाऊसच्या प्लास्टिकला सगळे ‘कागद’च म्हणतात, म्हणून या लेखातही तोच शब्द ठेवते.) गटाने वर्षभर पैसे साठवलेले असतात. चुकीचे आवरण घेतले तर ते पैसे जुलैच्या एका रात्रीत वाऱ्यावर जातात आणि आतली रोपेही जातात. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडते.

आधी ठरवा, अडवायचे काय?

हरितगृहाची कल्पना थंड मुलखातून आली. नव्या करारात ज्याचे नाव येते त्या तिबिर्य कैसराला काकडीवर्गातले एक फळ फार आवडे आणि ते थंडीतही मिळावे म्हणून त्याचे माळी वाफे चाकांवर ठेवत, ऊन असेल तेव्हा बाहेर काढत आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या पातळ पाट्यांखाली झाकत, असे प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवले आहे. पुढे युरोपात काच स्वस्त झाली आणि मोठमोठी काचघरे उभी राहिली. आपल्या देशात बंगळूरच्या लालबागेतले काचघर १८८९ साली सुरू झालेल्या बांधकामाचे आहे. प्लास्टिकचे हरितगृह त्या मानाने कालचे. अमेरिकेत केंटकी विद्यापीठातले प्राध्यापक एमर्ट यांनी काचेला पैसे पुरेनात म्हणून १९४८ च्या सुमारास लाकडी सांगाड्यावर सेलोफेनसारखे पारदर्शक कापड ताणून घर केले. पैशांच्या अडचणीतून निघालेली ही युक्ती आज जगभर पसरली आहे, आणि आपली अडचणही तीच आहे.

काचघर गरम का राहते याचे शाळेतले उत्तर असे, की ऊन आत येते, पण आतली उष्णता काचेतून बाहेर जात नाही. हे अर्धेच खरे आहे. १९०९ साली आर. डब्ल्यू. वुड या अमेरिकन शास्त्रज्ञाने दोन खोकी केली. एकावर काच ठेवली आणि दुसऱ्यावर उष्णतेचे किरण आरपार जाऊ देणाऱ्या सैंधव मिठाची पाटी. उन्हात दोन्ही खोकी जवळपास सारखीच तापली, फरक एका अंशाहूनही कमी निघाला. म्हणजे दिवसा ऊब टिकते ती मुख्यतः गरम हवा अडकून राहते म्हणून. वरचे आवरण कशाचे आहे यापेक्षा ते किती बंद आहे, हे महत्त्वाचे.

आता आपल्याकडे बघा. आपल्याला ऊब अडकवून ठेवायची गरज किती? मार्गशीर्ष-पौषातल्या काही रात्री सोडल्या तर जवळजवळ नाहीच. उलट चैत्रात बंद कागदाखाली भरदुपारी माणसाला उभे राहवत नाही, तिथे रोप काय राहील! आपला शत्रू वेगळा आहे. घाटमाथ्याकडे पावसाचा आकडा हजारो मिलिमीटरमध्ये जातो आणि नारायणगावच्या पूर्वेला तो शेकड्यांतच राहतो. एकाच तालुक्यात इतका फरक आहे. पश्चिमेकडे जून-जुलैत उघड्या वाफ्यावरची कोवळी रोपे थेंबांच्या माराने आडवी होतात, उडालेली माती पानांवर बसते, पाने सतत ओली राहून करपा येतो आणि मुळाशी पाणी साचून रोप मानेत कुजते. पाऊस उघडला की पांढरी माशी येते. ती पानातला रस पिते, पण खरे नुकसान तिने आणलेल्या विषाणूचे. टोमॅटोचे पान वळते, झाड झुडपासारखे खुरटते आणि मग कोणतेही औषध चालत नाही.

तेव्हा आपल्या छपराची कामे अशी ठरतात: वरून पाऊस अडवणे, बाजूंनी माशी अडवणे आणि हवा मात्र खेळती ठेवणे. थंडी हे शेवटचे काम. एकच वस्तू ही सगळी कामे करत नाही हे एकदा मान्य केले की निवड बरीच सोपी होते.

काच, पत्रा आणि पॉलिकार्बोनेट

काचेबद्दल थोडक्यात. प्रकाश ती उत्तम देते, नव्वद टक्क्यांच्या आसपास, आणि वर्षानुवर्षे पिवळी पडत नाही. पण चार मिलिमीटर जाडीची काच एका चौरस मीटरला दहा किलो भरते. दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब अशा लहान घराच्या छपराला साधारण साडेचोवीस चौरस मीटर आवरण लागते. म्हणजे जवळजवळ अडीच क्विंटल काच बांबूवर तोलायची. ती आधी शेवटच्या गाडीरस्त्यापासून वाडीपर्यंत डोक्यावर न्यायची. भीमाशंकरच्या बाजूला माकडे आणि वानरे छपरांवरून ये-जा करतात ते वेगळेच. फुटलेली काच वाफ्यात गेली की त्या वाफ्यात पुन्हा अनवाणी पाय ठेवता येत नाही. पुण्यातल्या पाडलेल्या बंगल्याच्या खिडक्या कोणी फुकट देऊ केल्या तरी मी नको म्हणेन. फार तर बी रुजवायच्या एखाद्या लहान पेटीवर त्यातली एक खिडकी चालेल.

फायबरचा अर्धपारदर्शक पत्रा गोठ्याला बरा. उन्हाने तो पिवळा पडतो, वरचा थर झिजून तंतू उघडे होतात, त्यात धूळ आणि शेवाळ बसते. प्रकाश दरवर्षी कमी होत जातो आणि आपल्याला ते कळतही नाही, कारण डोळ्याला सवय होते. रोपे मात्र उंच, बारीक आणि फिकट होऊन सांगतात.

पॉलिकार्बोनेटच्या पोकळ पत्र्याची गोष्ट वेगळी आहे. दोन पातळ पडदे आणि मध्ये उभ्या पोकळ्या, अशी त्याची रचना. सहा मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला सव्वा किलोच्या आसपास, म्हणजे काचेच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा. गारांना तो टिकतो, मधल्या हवेमुळे थंडीही अडवतो, नीट बसवला तर दहा वर्षे जातात. शाळेच्या किंवा वसतिगृहाच्या आवारात, जिथे पक्का सांगाडा आहे आणि एकदाच खर्च करणारा कोणी आहे, तिथे तो घ्यावा. घेताना तीन गोष्टी बघा. उन्हापासून वाचवणारा थर बहुतेक पत्र्यांना एकाच बाजूला असतो आणि ती बाजू आकाशाकडे हवी. कोणती ते वरच्या संरक्षक कागदावर छापलेले असते, म्हणून तो कागद पत्रा बसण्याआधी फाडून टाकू नका. पोकळ्या उताराच्या दिशेने ठेवा आणि वरचे टोक पट्टीने बंद करा, नाहीतर आत पाणी, मुंग्या आणि शेवाळ जाते. आणि स्क्रूचे भोक स्क्रूपेक्षा मोठे पाडा, कारण हा पत्रा उन्हात लांबतो. पहाटेच्या थंडीपासून दुपारच्या चटक्यापर्यंत पत्र्याच्या तापमानात चाळीस अंशांचा फरक पडला, तर दोन मीटरचा पत्रा पाच मिलिमीटरने वाढतो. भोक घट्ट असेल तर तो तिथेच तडकतो.

बचत गटाच्या बांबूच्या घराला मात्र हा पत्रा परवडत नाही. आपल्यासाठी खरा प्रश्न कागद कोणता, एवढाच उरतो.

कागदाची पारख

बांधकामावर टाकतात तो पॉलिथिनचा कागद आणि पॉलिहाऊसचा कागद, दोन्ही मूळ एकाच जातीचे. फरक असा, की उन्हातले अतिनील किरण पॉलिथिनच्या लांब साखळ्या तोडत राहतात. आधी कागद कडक होतो, मग घडीवर चिरतो आणि शेवटी हातात पापडासारखा मोडतो. पॉलिहाऊसच्या कागदात ही झीज रोखणारे द्रव्य मिसळलेले असते. त्यालाच दुकानात यूव्ही कागद म्हणतात. साधा कागद आपल्या उन्हात एक हंगाम, फार तर वर्षभर धरतो. दोनशे मायक्रॉनचा चांगला यूव्ही कागद नीट बांधला तर साधारण तीन वर्षे जातो.

आपल्या लोकांना यूव्ही कागद महाग वाटतो, कारण आपण दर किलोला विचारतो. दर हंगामाला विचारून बघा. समजा, साधा कागद १,००० रुपयांना पडला आणि यूव्हीचा २,५०० रुपयांना. तीन वर्षांत साध्या कागदाचे ३,००० झाले, शिवाय दरवर्षी छप्पर उतरवून पुन्हा चढवण्याची मजुरी. त्यातही साधा कागद फाटतो तो सवडीने फाटत नाही. उन्हाळ्यात तो कमकुवत होतो आणि जोराचा पाऊस सुरू झाला की जातो, म्हणजे नेमकी आत रोपे असताना.

आता पारख कशी करायची? एका वाडीतल्या गटाला शहरातल्या एका दुकानातून ‘यूव्हीचाच आहे’ असे सांगून दिलेला कागद दिवाळीलाच चुरला. बिलावर फक्त ‘प्लास्टिक’ लिहिले होते, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. म्हणून बिलावर मायक्रॉन आणि यूव्ही हे दोन्ही शब्द लिहून घ्या. चांगल्या कागदाच्या काठावर बनवणाऱ्याचे नाव आणि जाडी छापलेली असते, तीही बघा. काही दुकानदार मायक्रॉनऐवजी गेजमध्ये बोलतात. शंभर गेज म्हणजे पंचवीस मायक्रॉन, तेव्हा आपल्याला हवा तो आठशे गेजचा. दोनशे गेज ऐकून ‘दोनशेचाच आहे’ असे समजून घेतलेला कागद प्रत्यक्षात पन्नास मायक्रॉनचा निघतो.

जाडीची खातरजमा किराणा दुकानातल्या काट्यावरही होते. कागदाचा बरोबर एक मीटर बाय एक मीटर तुकडा तोला. दोनशे मायक्रॉनचा असेल तर तो साधारण १८४ ग्रॅम भरेल. १४० च्या जवळ आला तर कागद दीडशे मायक्रॉनचाच आहे. यूव्हीचे द्रव्य मात्र काट्यावर कळत नाही, त्याला बिल हाच पुरावा. याच हिशेबाने आपल्या साडेचोवीस चौरस मीटरच्या छपराला साडेचार किलो कागद लागतो. काचेचे अडीच क्विंटल आठवा. हा कागद एक बाई काखेत मारून वाडीवर नेते.

कागद स्वच्छ पारदर्शक घ्यावा की दुधी? रोपांसाठी दुधी, म्हणजे प्रकाश पसरवणारा, बरा. त्याखाली कडक सावल्या पडत नाहीत आणि कोवळी पाने भाजत नाहीत. फक्त दुधी म्हणजे पुन्हा वितळवून केलेल्या प्लास्टिकचा मळकट कागद नव्हे. त्याला वास येतो आणि उजेडात धरला तर ठिपके दिसतात.

बाजूंना आणि आतून जाळी

छपराला कागद, पण चारही बाजूंना जाळी. इथे दोन जाळ्यांची गल्लत फार होते. हिरवी शेडनेट ही सावलीसाठी आहे. पन्नास टक्क्यांची म्हणजे निम्मे ऊन अडवणारी. तिच्या भोकांतून पांढरी माशी आरामात जाते आणि पाऊसही गळतो, फक्त मोठ्या थेंबाचे बारीक तुषार होतात. पूर्वेकडे कमी पावसात नुसत्या शेडनेटखाली रोपे होतात हे पाहून पश्चिमेकडे तसेच करायला गेले तर श्रावणात सगळे ट्रे कुजतात. माशी अडवायला इन्सेक्ट नेट लागते, पांढरी आणि बारीक विणीची. चाळीस मेशची, म्हणजे एका इंचात चाळीस घरे असलेली, पांढऱ्या माशीला चालते. फुलकिडे त्याहून बारीक, ते तिच्यातूनही शिरतात, पण विणीत आणखी बारीक जावे तसा वारा कोंडतो. आपल्या दमट हवेत वारा कोंडणे हे फुलकिड्यांपेक्षा वाईट.

जाळीचा उपयोग दारावर ठरतो. चारही बाजू शिवून घेतल्या आणि दाराला गोणपाट टांगले, तर माशी दारातून येणार. एकामागे एक अशी दोन दारे, मध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा, आणि एक दार लागल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, हा नियम. मुलांना हा नियम लवकर पाठ होतो. अडचण मोठ्यांची असते.

शेडनेट फेकून द्यायची नाही. ती कागदाच्या खाली, आतून, दोरीवर सरकणारी ठेवा. एप्रिल-मे महिन्यांत अकरा ते चार ओढायची आणि पावसाळ्यात पूर्ण सरकवून ठेवायची. ढगाळ दिवसांत सावली राहिली तर रोपे ताणली जातात. थंडीत वेगळा प्रश्न येतो. पॉलिथिनच्या साध्या कागदातून रात्री उष्णतेचे किरण बाहेर निघून जातात, त्यामुळे निरभ्र रात्री आतही बाहेरइतकाच गारठा असतो. (वुडचा प्रयोग उन्हातला होता, रात्री मात्र आवरण कशाचे आहे याने फरक पडतो.) त्यावर उपाय साधा आहे. संध्याकाळी ट्रेंवर हातभर उंचीच्या कामट्यांच्या कमानी लावून जुन्या साड्या किंवा गोणपाट पांघरायचे आणि सकाळी ऊन आले की काढायचे.

कागद टिकतो तो बांधणीवर

छपराचा आकार इरल्यावरून घ्यावा. भात लावताना आपल्या बाया बांबूच्या कामट्यांचे, पळसाच्या पानांचे इरले पाठीवर घेत आल्या. हल्ली पानांऐवजी त्यावर प्लास्टिक येते, पण आकार तोच, कारण पाणी कुठे थांबत नाही. पॉलिहाऊसची गोल कमान दिसायला छान, पण तिचा माथा जवळजवळ सपाट असतो. कागद जरा ढिला पडला की तिथे पाणी साचते. एका चौरस मीटरवर वीतभराहून कमी, दहा सेंटिमीटर पाणी थांबले तरी ते शंभर किलो झाले, आणि ते वजन कागदाला आणखी खाली ओढते. आपल्या कौलारू घरांसारखा उभा उतार द्या. आतून कागदावर जमणारे दंवही मग थेंब थेंब रोपांवर न पडता उताराने कडेला जाते. छपरावरून पडणाऱ्या पाण्याचाही विचार करा. आपल्या दहा बाय वीसच्या जागेवर शंभर मिलिमीटर पाऊस झाला, आणि घाटमाथ्याकडे एका दिवसात तेवढा होतोच, तर अठराशे लिटर पाणी पागोळ्यांखाली उतरते. दोन्ही बाजूंना चर आधी खणा, छप्पर मग चढवा.

कागद फाटतो तो बहुधा मध्ये नाही, तर बांबूला टेकतो तिथे. बांबूचे डोळे आणि पेरे कोयत्याने व मग काचेच्या तुकड्याने तासून गुळगुळीत करावेत. त्यावर ठिबकची जुनी काळी नळी लांबीने चिरून बसवली तर उत्तम गादी होते. शेतातले जुने पीव्हीसी पाइप वाकवून कमानी करायचा मोह होतो, पण त्या प्लास्टिकमधला क्लोरीन कागदातले यूव्हीचे द्रव्य संपवतो. जिथे पाइप लागतो तिथेच कागद पहिल्यांदा चिरतो. गंधकाचेही तसेच. द्राक्षाला भुरीसाठी गंधक मारतात ते पाहून कोणी रोपांच्या घरात गंधकाची धुरी देते. रोपांवरचा रोग जाईल न जाईल, कागदाचे आयुष्य मात्र निश्चित कमी होते.

खिळा थेट कागदावर ठोकू नये. कागद दोन कामट्यांमध्ये चिमटून मग कामट्या बांबूला बांधाव्यात. पैसे असतील तर ॲल्युमिनियमची प्रोफाइल आणि झिगझॅग स्प्रिंग घ्यावी, कारण त्यात कागद काढणे-घालणे एका माणसाचे काम होते. वरून प्रत्येक दोन वाशांमध्ये एक दोरी आडवी टाकून ताणा, म्हणजे वाऱ्याने कागद फडफडत नाही. फडफड हीच त्याची सर्वांत मोठी झीज. कागद चढवायचा तो वारा पडलेल्या, उबदार वेळी. थंडगार पहाटे ताणलेला कागद दुपारी सैल पडतो.

आणि वारा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि सह्याद्री ओलांडून आपल्या जिल्ह्यावरून गेले. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत घरांचे पत्रे उडाले आणि लोखंडी पॉलिहाऊसचेही कागद फाटले. बांबूच्या घराला हेच ध्यानात ठेवून बांधावे. वारा जाळीतून आत शिरून छप्पर खालून उचलतो, म्हणून घर वर जाऊ नये याची काळजी खाली कोसळू नये याच्याइतकीच घ्यायची. प्रत्येक खांबाच्या बुडाशी आडवी काठी बांधून तो दोन फूट पुरा आणि खड्ड्यात दगड भरा. वादळाची सूचना आलीच तर कागद सोडून गुंडाळून ठेवा. रोपे एक दिवस भिजली तर वाचतात. फाटलेला कागद आणि मोडलेला सांगाडा त्यांच्यावर पडला तर नाही. मे महिन्यातला वळीवही असाच वाऱ्यासकट येतो. म्हणून उन्हाळाभर नुसती जाळी ठेवावी आणि मृगाच्या तोंडावर कागद चढवावा, असे मला वाटते. काही गट अक्षय्य तृतीयेलाच चढवून मोकळे होतात. त्यांचे म्हणणे, नंतर भाताच्या राबाचे काम लागते आणि सवड मिळत नाही. तेही खरे आहे.

खर्च पेलण्यासारखा आहे का, याचा अंदाज असा. दहा बाय वीसच्या घरात चालायची वाट सोडून साधारण ऐंशी ट्रे मावतात. अठ्ठ्याण्णव खणांचा ट्रे धरला तर सगळे मिळून पावणेआठ हजारांवर खण झाले. चार बाय दोन फुटांवर टोमॅटो लावला तर एकराला ५,४०० च्या आसपास रोपे लागतात. म्हणजे काही बी वाया गेले तरी एका खेपेत एकरभराची रोपे निघून वर काही उरतात, आणि खेप पंचवीस-तीस दिवसांची. आपल्याकडे एकाच घरचा एकर क्वचित असतो, पण वनहक्काचे पाच-सहा लहान पट्टे मिळून तेवढी जमीन सहज होते. म्हणून हे घर गटाचे असावे, आणि कागदाचा बदलीचा खर्च दर खेपेला रोपामागे थोडे पैसे बाजूला काढून जमवत जावा.

मोठे पॉलिहाऊस किंवा शेडनेटगृह करायचे असेल तर त्याला सरकारी अनुदान असते. अर्ज महाडीबीटीवर करायचा आणि पूर्वसंमती हातात आल्याशिवाय बांधकाम सुरू करायचे नाही. तालुका कृषी कार्यालय, घोडेगावचे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आणि नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र या तिन्ही ठिकाणी एकदा जाऊन बोलावे. ज्या बायांना जायला संकोच वाटतो त्यांनी एकटीने न जाता गटाने जावे. टेबलापलीकडची भाषा लगेच बदलते.

शेवटी जुन्या कागदाचे काय करायचे? छपरावरून उतरलेला कागद आणखी दोन वर्षे गोवऱ्यांच्या ढिगावर, सरपणावर किंवा पेंढ्यावर कामाला येतो. त्यानंतर धुऊन, घडी करून भंगारवाल्याला द्यावा; स्वच्छ असेल तर तो घेतो. राबावर मात्र टाकू नका. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण आणि कवळाबरोबर हल्ली प्लास्टिकही जळताना दिसते. त्याच जागेत जूनमध्ये भाताचे बी पडते आणि धूर घेत उभ्या असतात त्या घरच्याच बाया. अर्धवट जळालेल्या प्लास्टिकच्या गाठी मातीत तशाच राहतात. नांगराला आणि चिखलणीला त्या वर्षानुवर्षे लागत राहतात.

यंदा ज्या गटांना रोपांचे घर बांधायचे आहे त्यांनी बांबू होळीआधी तोडून ओढ्याच्या पाण्यात पंधरा-वीस दिवस बुडवून ठेवावेत, म्हणजे भुंगा लागत नाही. कागद सगळ्या गटांनी एकत्र मागवला तर पूर्ण गुंडाळी घेता येते आणि गाडीभाडे वाटले जाते. मापे घेताना छपराच्या दोन्ही बाजूंना फूटभर कागद जास्त धरा.